पन्नास की साठ : एका पितळी पुलीसाठी ब्लॅक फॉरेस्टात

बुधवार

निघतानाच एक्स-रे यंत्रातून माझी बॅग तीनदा मागेपुढे झाली आणि मग बाजूला काढली गेली. आत काय आहे, असं विचारल्यावर मी 'रेकॉर्ड प्लेअर' म्हणालो, तर त्या बाईंनी पडदाच माझ्याकडे वळवला. तीन किलोंहून जड अशी धातूची गोल थाळी, तिच्याशेजारी मोटर, तारा, स्प्रिंगा आणि तरफांचं जंजाळ. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ती बॅग बाजूलाच काढली असती. टॉवेलात गुंडाळलेलं एकेक प्रकरण उलगडून दाखवलं, वाहतुकीचे दोन स्क्रू आवळलेले आहेत हे उगाचच समजावून सांगितलं आणि एकदाचं सुटलो.

हे यंत्र म्हणजे डुअल १२१९. १९६९ साली बाजारात आलेला जर्मन रेकॉर्ड प्लेअर, एकावर एक रचलेल्या तबकड्या आपला आपण बदलणारा. माझ्या मावसभावाने तो अमेरिकेत जुना म्हणून घेतला, बरीच वर्षं वाजवला आणि घर आवरताना 'तुला आवड आहे ना' म्हणून माझ्या गळ्यात मारला. यंत्र तिकडच्या ११७ व्होल्टच्या विजेसाठी केलेलं. ती अडचण सोपी निघाली. मोटरमधल्या दोन गुंडाळ्यांची जोडणी बदलली की ती २३० व्होल्टवर चालते. सुरू केला, थाळी फिरली, सुई टेकली आणि गाणं रडायला लागलं. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारच्याही किंचित खाली उतरल्या होत्या. तबल्याचा पखवाज झाला होता.

व्होल्ट बदलता येतात, हर्ट्झ बदलता येत नाहीत. ही मोटर विजेच्या आवर्तनांशी बांधलेली. अमेरिकेत सेकंदाला ६०, जर्मनीत आणि आपल्याकडे ५०. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची ती थाळी २७.८ घेत होती, म्हणजे वेगाचा सहावा हिस्सा गायब. वेग बारीक जुळवायची एक घुंडी यंत्रावर असते, पण तिचा आवाका सगळा मिळून सहा टक्क्यांचा. ती घुंडी शेवटपर्यंत पिळूनही बाई रडतच होत्या. उपाय एकच, मोटरच्या दांड्यावरची छोटी पितळी पुली बदलायची. ५० हर्ट्झची पुली ६० च्या पुलीपेक्षा सहास पाच या प्रमाणात जाड असते. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण ती कुठेच मिळेना.

मधल्या काळात मी दोन मूर्खपणे केले. पहिला म्हणजे नवं आयडलर मागवलं. आयडलर म्हणजे पुली आणि थाळीच्या कडेच्या मध्ये बसणारं रबरी चाक. मला वाटलं ते झिजलं म्हणून वेग कमी झाला. पैसे गेल्यावर कळलं की मधल्या चाकाच्या व्यासाचा वेगाशी काही संबंध नसतो. पुलीची कड जेवढी सरकते तेवढीच थाळीची कड सरकते, मधला माणूस फक्त निरोप पोचवतो. दुसरा मूर्खपणा म्हणजे '५० हर्ट्झ' असं लिहून विकायला ठेवलेली पुली डोळे झाकून घेतली. ती ६० ची निघाली. आता माझ्याकडे साठच्या दोन पुल्या होत्या.

"पुली आणायला जर्मनीला?" असं घरी एकदाच विचारण्यात आलं. मी सुट्टी, पावसाळी जंगल, आगगाडीचा प्रवास वगैरे बोललो. पुढचा प्रश्न आला नाही, आणि तेच जास्त लागलं.

फ्रँकफर्टहून ऑफेनबुर्गला आलो आणि तिथे श्वार्त्सवाल्डबान, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टची गाडी पकडली. हाउसाखपर्यंत ती दरीतून निमूट चालते. हॉर्नबेर्ग सोडल्यावर मात्र बोगद्यांची माळच लागते. डावीकडे दिसलेलं घर जरा वेळाने उजवीकडे आणि बरंच खाली दिसतं. ट्रिबेर्गच्या आसपास रूळ डोंगरावर दुहेरी वळसे घेतात, कारण चढ कुठेही २ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही असं आखणाऱ्याने ठरवलं होतं. आखणारा रोबेर्ट गेर्विग. मार्ग पूर्ण झाला १८७३ साली. हाच माणूस त्याआधी, १८५० मध्ये, जवळच्या फुर्टवांगेनला निघालेल्या घड्याळजींच्या शाळेचा पहिला प्रमुख होता. हे वाचल्यावर ते वळसे मला घड्याळातल्या स्प्रिंगेसारखे दिसायला लागले. दोष माझा असेल, त्या वेळी मला सगळंच कशाच्या तरी स्प्रिंगेसारखं दिसत होतं.

मला उतरायचं होतं सांक्ट गेओर्गेन या गावी. स्टेशन खाली दरीत आणि गाव वर चढावर. थाळीसकट ती बॅग वर ओढत नेताना मावसभावाची आठवण निघत होती, फारशी प्रेमाने नाही. रात्री खोलीवर वहीत यादी लिहिली : पुली, आयडलर (घट्ट झालंय), सुई, स्विचजवळचा कंडेन्सर. आणि पाचवा आजार, ज्याचं नावच माहीत नव्हतं : स्वयंचलित खटका ओढला की टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, उचलला जातो, पण आत सरकत नाही. तिथल्या तिथे परत खाली बसतो.

गुरुवार

या गावात यायचं कारण उघड आहे. माझं यंत्र इथलं. योझेफ आणि ख्रिस्टियान श्टाइडिंगर या भावांनी १९०७ मध्ये इथे कारखाना काढला, तो घड्याळांचे आणि ग्रामोफोनचे भाग करायला. ब्लॅक फॉरेस्टात घरोघरी घड्याळं बनत होती. दात कापलेली चाकं, चावीच्या स्प्रिंगा, बारीक दांडे, हे सगळं हातात बसलेलं. ग्रामोफोनला चावीची मोटर लागते, ती या लोकांनी जवळजवळ घड्याळ केल्यासारखीच केली. १९२७ मध्ये त्यांनी एकाच मोटरीत चावी आणि वीज दोन्ही घातलं. वीज असेल तर विजेवर, नसेल तर चावी द्या. ती 'दुहेरी' मोटर म्हणून नाव डुअल. भावांचं आधीच बिनसलं होतं. योझेफने १९११ मध्येच वेगळं होऊन पेर्पेटुउम नावाने दुसरा कारखाना काढला होता, तोही इथेच. म्हणजे एका छोट्या डोंगरी गावात जगभर विकल्या जाणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरच्या दोन पेढ्या, त्याही भाऊबंदकीतून निघालेल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पुन्हा एक झाल्या आणि १९८२ मध्ये डुअलचं दिवाळं निघालं.

डॉइचेस फोनोम्युझेउममध्ये, म्हणजे इथल्या ग्रामोफोनच्या संग्रहालयात, हे सगळं काचेआड मांडलेलं आहे. एडिसनच्या १८७७ च्या शोधापासून पुढे, मेणाच्या नळ्या, कर्णे, चावीच्या मोटरी, मग प्लास्टिकचे रंगीत डबे. मी मात्र जिथे यंत्र उघडून ठेवलं असेल तिथेच रेंगाळत होतो. एका जुन्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुईच्या थरथरीचा आवाज करणारी डबी, भेगाळून फुगलेला दिसला. जस्ताच्या ओतीव भागांना होणारा हा रोग. मिश्रधातूत थोडं शिसं जरी शिरलं असेल तरी काही दशकांनी भाग आतून फुटायला लागतो. त्याला औषध नाही. गंज खरवडता येतो, रबर बदलता येतं, पण हा भाग हातात घेतला की बिस्किटासारखा तुटतो. माझी यादी त्यापुढे सर्दी-पडशाची वाटली.

निघताना तिकिटांच्या टेबलामागच्या बाईंना मोबाइलवर माझ्या पुलीचा फोटो दाखवला आणि अशी पुली कुठे मिळेल, असं विचारलं. त्यांनी फोटो मोठा केला, मग मला न्याहाळलं, मग फोन लावला. फोनवर बराच वेळ जर्मन. त्यात 'इंडिया' एकदा आणि 'झेख्सिग', म्हणजे साठ, दोनदा ऐकू आलं. दुपारी चार वाजता या, असा निरोप मिळाला.

ज्यांच्याकडे गेलो त्यांना मी मनातल्या मनात आजोबाच म्हणत होतो, इथेही तेच लिहितो. वय ऐंशीच्या पुढे. कारखान्यात आधी जुळणीला, मग तपासणीला. इंग्रजी मोजकं, पण यंत्राच्या बाबतीत चोख. आधी हात धुतले, मग तळघरात नेलं. बाकावर जुना गालिचा अंथरलेला, त्यावर लाकडी चौकट. यंत्र उलटं ठेवता यावं म्हणून केलेली. माझा १२१९ त्यांनी दोन्ही हातांनी उचलला तो बाळाला अंघोळीनंतर उचलतात तसा, मानेखाली हात घालून. म्हणजे टोनआर्मखाली.

"यादी?" त्यांनी विचारलं. मी वही पुढे केली. त्यांनी पेन्सिल घेतली.

आयडलर खोडलं. हे चाक यंत्र बंद झालं की आपोआप पुलीपासून सुटतं, म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी त्याला खड्डा पडत नाही. वरचं कातडं कडक झालंय, बारीक पॉलिश पेपरने घासा, बस. कंडेन्सर खोडला. हा स्विचमधली ठिणगी शोषायला असतो, जुना झाला की धूर सोडत फुटतो. जर्मन मंडळी त्याला क्नालफ्रॉश म्हणतात, उड्या मारणारा फटाका, शब्दशः फटाकाबेडूक. याची नवी आवृत्ती कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, फक्त त्यावर एक्स२ असं लिहिलेलं हवं, साधा कंडेन्सर मेन्सवर लावायचा नाही. सुई खोडली. माझ्या यंत्राला शुअर कंपनीची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते ती डबी, आहे आणि शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदा बंद केला, म्हणून मी ती यादीत सर्वांत वर ठेवायला निघालो होतो. आजोबा म्हणाले, जपानमध्ये याच्या सुया अजून करतात. टपालाने येईल.

मग ते पाचव्या, निनावी आजारापाशी आले. टोनआर्म उचलतो, आत येत नाही. ते पहिल्यांदा हसले.

"श्टॉयरपिम्पेल," ते म्हणाले.

मी वहीत लिहून घेतलं. वाटलं, हा मोठा भाग असणार, नावच एवढं भारदस्त. त्यांनी टॉर्च मारून दाखवलं. यंत्राच्या पोटातल्या मुख्य तरफेच्या टोकाला एक खुंटी. त्या खुंटीवर कधीकाळी काही मिलिमीटर लांबीची मऊ नळी असायची. यंत्र सुरू झालं की ही नळी टोनआर्मच्या पात्याला खालून टेकते आणि नुसत्या घर्षणाने त्याला आत ढकलते. हाताने टोनआर्म अडवला तर घसरते, काही मोडत नाही. एवढी हुशार सोय केली, आणि ती या एका टोपणावर टेकवली. पन्नास वर्षांत त्या टोपणाचं पीठ होऊन गेलं होतं. खुंटी उघडी, धातूवर धातू, पकड शून्य.

यादीत उरली फक्त पुली. तिच्यावर त्यांनी पेन्सिलीने गोल केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे अवघड आहे." मोटरी, टोनआर्म, थाळ्या, सगळं तळघरात होतं. पण इथे सगळ्यांकडे पन्नासचीच वीज. पुली झिजत नाही, म्हणून कुणी सुटी ठेवली नाही. जी आहे ती कुणाच्या ना कुणाच्या चालत्या यंत्रावर आहे.

लेथवर करून घेऊ का, असं मी विचारलं. त्यांनी बारीक मापाचा व्हर्नियर काढून माझी पुली मापली. तीन वेगांसाठी तीन पायऱ्या, त्यात प्रत्येक पायरी सरळ नाही, हलकी निमुळती. वेगाची घुंडी फिरवली की आयडलर त्या उतारावर वरखाली सरकतं, तोच तो सहा टक्क्यांचा आवाका. दहा मिलिमीटरच्या गोलात पाच शतांश मिलिमीटर चुकलं की वेग अर्ध्या टक्क्याने गेला. मध्य चुकला तर सूर थरथरणार. चांगला लेथवाला करेल, त्यांनी मान्य केलं, पण त्याला मोजायला खरी पुली हातात द्यावी लागेल. म्हणजे पुली मिळवायची ती पुली करण्यासाठीच.

शुक्रवार

सकाळभर साफसफाई. हे वर्णन लांबवत नाही, ज्याने केलंय त्याला माहीत आहे आणि ज्याने केलं नाही त्याला वास कळणार नाही. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. ते हलणाऱ्या भागांना सुटं ठेवायच्या ऐवजी चिकटवून ठेवतं, आणि यंत्र 'बिघडलं' म्हणून टाकून दिलं जातं ते निम्म्या वेळा याच्यामुळे. लाकडी काडी, अल्कोहोल, चिंधी. एक क्लिप उडाली आणि अर्धा तास आम्ही दोघं गुडघ्यांवर. ती आजींना कपाटाखाली सापडली, झाडू मारताना. त्या काही बोलल्या नाहीत, पण ती क्लिप बशीत ठेवून, बशी बाकावर ठेवून गेल्या. बशीत क्लिप काढायची, हे आजोबांना त्या बरीच वर्षं सांगत असाव्यात.

मोटरची बेअरिंगं मात्र बघण्यासारखी. ब्राँझच्या भुकटीला दाबून, तापवून केलेली ही बुशं स्पंजासारखी सच्छिद्र असतात. तेल त्या छिद्रांत मुरलेलं असतं. वरून थेंब सोडून भागत नाही, कोरडी पडली की तेलात बुडवून ठेवावी लागतात. छोट्या काचेच्या बरणीत दोन बुशं बुडवली, गरम पाण्याच्या भांड्यात बरणी ठेवली आणि तळातून बारीक बुडबुडे यायला लागले. आतली हवा बाहेर, तेल आत. "रविवारपर्यंत," आजोबा म्हणाले.

दुपारी ते मला भंगार जमा करायच्या सरकारी अंगणात घेऊन गेले. लोक जुने टीव्ही, इस्त्र्या, हीटर आणून वेगवेगळ्या पेट्यांत टाकत होते. विजेच्या वस्तूंच्या पेटीत, एका मायक्रोवेव्हखाली, मला काळी थाळी दिसली. कडेवर ठिपके, वर डुअलची अक्षरं. मॉडेल दिसत नव्हतं. मी हात पुढे केला आणि मागून आवाज आला. इथे टाकायची परवानगी आहे, उचलायची नाही. पेटीत पडलेली वस्तू आता तुमची नाही आणि टाकणाऱ्याचीही नाही. आजोबांनी विनंती केली, मी फोटो दाखवला, पैसे देऊ केले. तेवढ्याने तो माणूस आणखी बिथरला. नियम नियमाच्या जागी बरोबर असेल. मी पेटीकडे पाठ करून उभा राहिलो, तर मागून कुणीतरी त्या थाळीवर टोस्टर टाकल्याचा आवाज आला.

संध्याकाळी एकटाच ब्रिगाखच्या काठाने चाललो. हीच पुढे डोनाउएशिंगेनला ब्रेगला मिळते आणि डॅन्यूब होते. इथे ती उडी मारून ओलांडता येईल एवढी आहे.

शनिवार

शेजारच्या गावात फ्लोमार्क्ट, जुन्या बाजाराचा दिवस. आजोबांचं म्हणणं, सातला पोचायला हवं, नाहीतर व्यापारी सगळं उचलतात. आम्ही साडेसहाला पोचलो, व्यापारी त्याआधी.

पहिल्या तासात दोन रेकॉर्ड प्लेअर दिसले, दोन्ही पट्ट्यावर चालणारे, नंतरच्या काळातले. आजोबा लांबूनच मान हलवत पुढे जायचे. मी प्रत्येकाजवळ थांबून वाकून बघायचो, ते त्यांना पसंत नव्हतं. मग एका टेबलाखाली, स्की-बुटांच्या खोक्याशेजारी, लाकडी डबा. झाकण नाही. टोनआर्म मधोमध वाकलेला, त्यावर काहीतरी जड पडलं असणार. पुढच्या पट्टीवर १२१९.

माझा चेहरा मला लपवता आला नाही. विकणाऱ्या मुलीने तीस युरो म्हटलं. आजोबांनी वाकडा टोनआर्म उचलून तिला दाखवला, हलकेच सोडून दिला, सुस्कारा टाकला. वीस. मी पाकीट काढत असताना त्यांनी थाळी उचलली, व्हर्नियर खिशातून निघाला. हा माणूस बाजारात व्हर्नियर घेऊन आला होता. त्यांनी पुली मापली, परवाचा आकडा आठवला, बोटांवर हिशेब केला आणि अंगठा वर केला. सहास पाच.

परतताना गाडीत मी खुशीत होतो. ते नव्हते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "तुमचं यंत्र आणि हे यंत्र, यातलं आजारी कोणतं?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावलं. हे नवं घेतलेलं यंत्र जर्मन घरातलं. व्होल्ट बरोबर, पुली बरोबर, आयडलर तर माझ्याहून मऊ. बिघडलंय काय, तर एक टोनआर्म. माझ्या यंत्रात मोटरची जोडणी बदललेली, पुली चुकीची, पण टोनआर्म निर्दोष. तपासणी विभागात बसून तीस वर्षं त्यांनी हेच ठरवलं असणार, कशात कमी बदल करून चालतं यंत्र बाहेर पडेल. हिशेब स्वच्छ होता. माझा टोनआर्म काढायचा, त्याला बसवायचा, आणि माझ्या यंत्राने सुटे भाग म्हणून फळीवर जायचं.

म्हणजे एवढ्या लांबून, एवढ्या लाडाने मी जे आणलं होतं तो रोगी नव्हताच. अवयवदाता होता.

रात्री झोप आली नाही. खरं तर दोन्ही एकाच कारखान्यातली, कदाचित एकाच महिन्यातली. मावसभावाच्या यंत्राच्या चौकटीवर कुणीतरी, बहुधा त्याच्या मुलीने, अस्वलाचं स्टिकर चिकटवलं होतं आणि ते अर्धवट खरवडलेलं तसंच राहिलं होतं. चालण्याशी त्याचा काय संबंध. पण सकाळ होईपर्यंत माझं ठरलं होतं, आणि ते हिशेबाने ठरलेलं नव्हतं.

रविवार

"पुलीच घेतो," मी सांगितलं. आजोबांनी खांदे उडवले. चुकतोय असं म्हणाले नाहीत, बरोबर असंही नाही.

रविवारी इथे शांतता पाळायची. ड्रिल नाही, हातोडी नाही, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं काही नाही. त्यामुळे सगळं काम कुजबुजत झाल्यासारखं झालं. बाजारातून आणलेल्या यंत्रावरून पुली काढताना तिचा स्क्रू हलेना. एरवी हलकी ठोक दिली असती. त्याऐवजी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरून तापवलं, थांबलो, पुन्हा तापवलं. तिसऱ्या खेपेला सुटला. तेल प्यायलेली बुशं पुसून मोटरमध्ये, मोटर जागेवर, दांड्यावर नवी म्हणजे जुनी पुली. उंची जुळवायला वीस मिनिटं गेली. वेग बदलणारा दांडा तिन्ही जागी नेला की आयडलर बरोबर त्या त्या पायरीच्या मधोमध यायला हवं, कडेला घासता कामा नये.

मग पिम्पेल. मी विचारलं, त्याचा सुटा भाग कुठून आणायचा. आजोबांनी खणातून एक जुनी डबी काढली, तिच्यातून विताएवढा रबरी दोरा. माझ्या हातात दिला. मी बोटांत चोळला, ताणला, आणि मला तो ओळखू आला. वालट्यूब! सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवायची ती बारीक नळी, जिच्यासाठी लहानपणी शेकडो वेळा खाली धावलोय, जिभेने ओली करून जी चढवायची. त्यांनी ब्लेडने काही मिलिमीटर कापली, थुंकी लावली, हो, थुंकीच, आणि खुंटीवर सरकवली. मी म्हणालो, आम्हीही असंच करतो. त्यांना वाटलं रेकॉर्ड प्लेअरबद्दल बोलतोय.

खटका ओढला. पोटातलं मोठं चाक एक फेरा फिरलं. या यंत्राचा सगळा मेंदू म्हणजे हे एक चाक, त्याच्या दोन्ही अंगांना कोरलेल्या वाटा, आणि त्या वाटांवरून सरकणाऱ्या तरफा. उचल, आत ने, सोड, परत आण, बंद कर, सगळं त्या एका फेऱ्यात लिहिलेलं. टोनआर्म उठला, थबकला, आत सरकला. काठाच्या जरा बाहेर उतरला. एक स्क्रू चतुर्थांश फिरवला, पुन्हा. या वेळी नेमका पहिल्या खाचेत.

वेग तपासायला आजोबांनी कागदी चकती ठेवली. ५० हर्ट्झला दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, म्हणून ३३⅓ साठी कडेला १८० रेघा. वेग बरोबर असेल तर फिरत्या चकतीवर त्या उभ्या दिसतात. पण तळघरातला एलईडी दिवा काही लुकलुकेना, नुसती राखाडी धूसर कड. आजी वरून जुना पिवळा बल्ब घेऊन आल्या, न सांगता. तो लावल्यावर रेघा उमटल्या, हळूहळू उजवीकडे वाहायला लागल्या. घुंडी किंचित मागे. थांबल्या.

मी बॅगेतून माझी तबकडी काढली. हार्मोनियम नव्हती, मोबाइलवर सूर लावला. काळी चार.

बाजारातलं यंत्र तिथेच ठेवायचं ठरलं. त्याला आता पुली नव्हती, टोनआर्म वाकडा. आजोबांनी माझ्याकडून साठची पुली मागून घेतली, तीही दोन्ही. एकेकाळी जर्मनीत नेमणुकीवर आलेले अमेरिकी सैनिक असली यंत्रं घरी घेऊन जात, म्हणाले. तिकडे त्यांची गाणी भराभर पळत असणार, आणि कुणीतरी साठची पुली शोधत असणार. दोन्ही पुल्या काडेपेटीत गेल्या, पेटीवर पेन्सिलीने ६०, आणि ती खणात.

पैसे घेतले नाहीत. खूप आग्रह केला तेव्हा ती विताएवढी वालट्यूब वर धरली. आता सायकलींचे व्हॉल्व्ह बदलले, म्हणाले, ही इथे सहज मिळत नाही. तुमच्याकडे मिळते का?

सोमवार

त्याच गाडीने परत. उतारावर तेच बोगदे, तेच वळसे. यंत्र पुन्हा टॉवेलात, वाहतुकीचे स्क्रू आवळलेले, ते मी ट्रिबेर्ग येईपर्यंत दोनदा उघडून बघितले.

विमानतळावर बॅग अर्थातच पुन्हा बाजूला गेली. या वेळी मीच झाकण उघडून उभा होतो.

घरी आल्यावर पहिलं काम सायकलच्या दुकानात. एक मीटर वालट्यूब मागितली. दुकानदाराने गुंडाळी उलगडता उलगडता विचारलं, "सायकल कुठली आहे?"

"एकोणसत्तरची," मी म्हणालो. "जर्मन."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मग दीड मीटर कापून दिली.